उभे राहून का होईना, पण आत जाऊन ऐका



आपल्या वस्तीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की डोळ्यांसमोर जयंतीचा मांडव येतो. रात्री नऊचा कार्यक्रम अकराला सुरू होतो. की-बोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक, एक गायिका आणि मध्येमध्ये विनोद करणारा निवेदक. भीमगीतांनी सुरुवात आणि सिनेमाच्या गाण्यांनी शेवट. आम्हीही असे ऑर्केस्ट्रे पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांच्याबद्दल आमच्या मनात आपुलकीच आहे. पण आज आम्ही ज्या ऑर्केस्ट्राविषयी लिहिणार आहोत तो वेगळा. ऐंशी ते शंभर वादक, समोर कागदावर लिहिलेले संगीत, हातात छोटी काठी घेतलेला कंडक्टर (बसचा नव्हे!) आणि एवढ्या मोठ्या सभागृहात एकही ध्वनिवर्धक नाही, असा हा पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंद.

हा विषय आमच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने असलेली राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती घेऊन आपल्या घरांतील मुले-मुली लंडनला, जर्मनीला, अमेरिकेला शिकायला जात आहेत. आई घरकाम करते, वडील गिरणीतून किंवा महापालिकेतून निवृत्त झालेले, आणि मुलगी लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकते, ही आता कादंबरीतली गोष्ट राहिलेली नाही. ही मुले वर्गात जातात, ग्रंथालयात जातात, रात्री खोलीवर येऊन भात शिजवतात. पण रस्त्यावरच्या मोठ्या संगीतगृहासमोरून जाताना त्यांची पावले आपोआप जलद होतात. ‘हे आपल्यासाठी नाही’ असे कोणी तोंडाने सांगितलेले नसते, पण ते मनात पिढ्यान् पिढ्या लिहिलेले असते. आमचे आजचे सांगणे त्या लिहिलेल्याविषयी आहे.

लंडनचेच उदाहरण घेऊ. तिथे दर उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सुमारे आठ आठवडे ‘प्रॉम्स’ नावाचा संगीताचा महोत्सव चालतो. १० ऑगस्ट १८९५ रोजी क्वीन्स हॉल या सभागृहात तो सुरू झाला. रॉबर्ट न्यूमन हा त्याचा व्यवस्थापक आणि हेन्री वूड हा सव्वीस वर्षांचा तरुण कंडक्टर. न्यूमनचा विचार असा की, चांगले संगीत फक्त श्रीमंतांनीच का ऐकावे? सामान्य माणसाला आधी सोपे ऐकवू, हळूहळू अवघड ऐकवू, त्याचा कान तयार होईल. म्हणून त्याने खाली खुर्च्यांऐवजी उभे राहण्याची जागा ठेवली आणि तिकीट ठेवले फक्त एक शिलिंग. पुढे १९२७ मध्ये हे काम बीबीसीने हाती घेतले. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला, तेव्हा हा महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आला आणि आजही तो तिथेच मुख्यतः होतो.

एवढ्या वर्षांनंतरही ती उभी जागा टिकून आहे. हजाराहून अधिक माणसे रोज उभी राहून ऐकतात. अलीकडच्या वर्षांत या जागेचे तिकीट आठ पौंडांच्या आसपास राहिले आहे. त्याच सभागृहातल्या खुर्च्यांचे तिकीट याच्या कितीतरी पट असते. आणि गंमत अशी की उभी जागा मागे कोपऱ्यात नाही, तर अगदी रंगमंचासमोर आहे. ज्याने भरपूर पैसे मोजले तो लांब बसतो आणि विद्यार्थी कंडक्टरच्या हातातली काठी हलताना जवळून पाहतो. दुसरी उभी जागा वर, छताखालच्या सज्जात आहे. तिथे लोक कठड्याला टेकून, काही जण जमिनीवर पथारी टाकूनसुद्धा ऐकतात.

आता आठ पौंड म्हणजे आपले हजाराच्या आसपास रुपये. आमच्या माउलींना हा आकडा ऐकून धक्का बसेल, कारण कित्येकींची ती दोन दिवसांची कमाई आहे. हे आम्ही विसरलेलो नाही. पण लंडनच्या हिशेबाने ते बाहेरच्या एका साध्या जेवणाचे पैसे आहेत. महिन्यातून एकदा बाहेरचे जेवण टाळून आपल्या मुलीने हा खर्च केला, तर तो उधळेपणा नव्हे. शिकायला पाठवले आहे, गाणी ऐकायला नाही, असे फोनवर म्हणण्याआधी आई-वडिलांनी थोडे थांबावे. कान तयार होणे हेही शिक्षणच आहे.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिकत होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. तिथून क्वीन्स हॉल पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. पण त्यांच्यापाशी ना पैसा होता ना वेळ. अर्धपोटी राहून त्यांनी पुस्तके वाचली ती आपल्यासाठी. संगीताची आवड मात्र त्यांना होती. उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, त्यांनी हातात व्हायोलिन घेतले आणि ते शिकण्याची खटपट केली. ज्या वयात माणसे विश्रांती घेतात त्या वयात हा महापुरुष विद्यार्थी होऊन सूर लावत होता. तेव्हा संध्याकाळचे दोन तास ज्याच्या वाट्याला आले आहेत, त्या विद्यार्थ्याने ते त्यांच्या कष्टांतून आलेले आहेत हे ओळखून वापरावेत.

काही बांधव म्हणतील, हे गोऱ्यांचे, उच्चभ्रूंचे संगीत. आपल्याला त्याचे काय? आपल्याकडे हलगी आहे, सनई आहे, जलसे आहेत, वामनदादांची गाणी आहेत. हे सगळे आहेच आणि ते कोणत्याही संगीतापेक्षा कमी नाही. पण ‘हे त्यांचे, ते आमचे’ ही वाटणी कोणी केली, याचाही विचार करावा. त्यासाठी एका माणसाची हकिकत सांगतो.

हॅरी बर्ले हा कृष्णवर्णीय मुलगा १८६६ मध्ये अमेरिकेतील ईरी या गावी जन्मला. त्याचे आजोबा गुलाम होते. त्यांनी स्वतःची सुटका विकत घेतली होती. दृष्टी अधू झालेले हे आजोबा गावातले रस्त्यावरचे दिवे लावण्याचे काम करीत आणि नातू त्यांच्याबरोबर फिरे. दिवे लावता लावता आजोबा गुलामगिरीतली जुनी गाणी म्हणत आणि नातवाला ती पाठ होत. हॅरीची आई महाविद्यालयात शिकलेली, पण काळ्या बाईला शिक्षिकेची नोकरी कोण देणार? ती शाळेत झाडलोट करी आणि एका श्रीमंत बाईंच्या घरीही काम करी. त्या घरी मोठमोठे पियानोवादक येऊन वाजवत. एकदा राफाएल योसेफी हा नामांकित वादक येणार होता. हॅरी घराबाहेर, गुडघाभर बर्फात उभा राहून खिडकीतून येणारा पियानो ऐकत राहिला आणि आजारी पडायची वेळ आली. मग आईने मालकिणीला विनंती केली आणि पुढच्या मैफलींना पाहुण्यांसाठी दार उघडण्याचे काम हॅरीला मिळाले. दाराबाहेर उभा असलेला मुलगा दारापर्यंत तरी आला.

हा मुलगा १८९२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयात दाखल झाला. जेनेट थर्बर या बाईंनी काढलेल्या या विद्यालयात काळ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश होता, त्या काळी ही फार मोठी गोष्ट. प्रवेशपरीक्षेत हॅरी थोडक्यात मागे पडला. पण विद्यालयाच्या कचेरीत काम करणाऱ्या एका बाईंनी पूर्वी ईरीच्या त्या घरात दार उघडणाऱ्या हॅरीला पाहिले होते. त्यांच्या मदतीने त्याला शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी तिथे संचालक म्हणून आन्तोनिन द्वोर्झाक हा चेक संगीतकार आला. हा खाटकाचा मुलगा. वडील गावात खाणावळही चालवत. द्वोर्झाक हॅरीला घरी बोलावी आणि आजोबांची ती गाणी पुन्हा पुन्हा म्हणायला लावी. १८९३ मध्ये त्याने वर्तमानपत्रातून उघड सांगितले की अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया या काळ्या लोकांच्या गाण्यांवर उभा राहिला पाहिजे. केवढा गहजब झाला असेल!

त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये द्वोर्झाकची नववी सिम्फनी, ‘फ्रॉम द न्यू वर्ल्ड’, म्हणजे ‘नव्या जगातून’, प्रथम वाजली. तिची धून द्वोर्झाकची स्वतःची, पण त्या गाण्यांचा वास तिला आहे. तिच्या दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न या वाद्यावर एक संथ धून येते. पुढे १९२२ मध्ये द्वोर्झाकच्या एका शिष्याने तिला शब्द लावले आणि लोक तिला जुने गुलामांचे गाणेच समजू लागले. हॅरी बर्ले पुढे नामवंत गायक आणि संगीतकार झाला. गोऱ्यांच्या एका मोठ्या चर्चमध्ये १८९४ पासून १९४६ पर्यंत, बावन्न वर्षे, तो मुख्य गायकांपैकी एक होता. सुरुवातीला काहींनी विरोध केला, तो टिकला नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच न्यूयॉर्क शहरात दर रविवारी हा आवाज ऐकू येत होता.

तेव्हा ज्याला आपण ‘त्यांचे’ संगीत म्हणतो, त्याच्या पोटात गुलामाच्या नातवाचा आवाज आहे. ते कोणाच्या बापजाद्यांची मिरास नाही.

दारे सहज उघडली असे मात्र नाही. १९३९ मध्ये वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉल मारियन अँडरसन या थोर गायिकेला नाकारण्यात आला, कारण ती काळी होती. मग ९ एप्रिल १९३९ रोजी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली आणि समोर पंचाहत्तर हजार माणसे जमली. जगप्रसिद्ध व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर स्त्रियांना सभासद म्हणून घ्यायला १९९७ साल उजाडू दिले. लंडनमध्ये ची-ची न्वानोकू या कृष्णवर्णीय वादक स्त्रीने २०१५ मध्ये ‘चिनेके!’ हा प्रामुख्याने काळ्या आणि इतर वांशिक गटांतील वादकांचा वाद्यवृंद उभा केला आणि २०१७ मध्ये तो त्याच प्रॉम्समध्ये वाजला.

एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. १९७० नंतर अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी वादक निवडताना मध्ये पडदा लावण्याची पद्धत घेतली. उमेदवार पडद्यामागे बसून वाजवतो. परीक्षकांना ना चेहरा दिसतो, ना नाव कळते. पावलांच्या आवाजावरून बाई आहे की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचाही घालतात. त्यानंतर वाद्यवृंदांत स्त्रियांची संख्या वाढत गेली. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न ठरवणारे मुलाखतकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पडद्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. मोबाईलवर सगळे मिळते, मग तिथे जायचे कशाला? कारण ध्वनिवर्धक नसलेला शंभर माणसांचा आवाज यंत्रात मावत नाही. माणसापेक्षा उंच डबल बास आठ जण एकदम वाजवतात तेव्हा पायाखालच्या फळीतून तो आवाज वर येतो. आणि तेच शंभर जण इतके हळू वाजवतात की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा.

ही वाद्ये तुम्हाला अगदीच अनोळखीही नाहीत. सुरुवातीला सगळ्यांना सूर देणारा ओबो हा आपल्या सनईच्या कुळातला आहे. टिंपनी नगाऱ्यासारखी. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट आपल्या लग्नाच्या बँडमध्ये आहेत. आणि जुन्या हिंदी गाण्यांत मागे व्हायोलिनचा जो ताफा वाजतो, त्यातले कितीतरी वादक गोव्याचे होते आणि हेच संगीत शिकलेले होते. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातल्या गाण्यात त्यांचेच नाव आहे. म्हणजे रेडिओवर गाणी ऐकून तुमचा कान अर्धा तयार झालेलाच आहे.

प्रथमच जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात. एक भाग संपला की क्षणभर शांतता असते. तेव्हा टाळ्या वाजवण्याची पद्धत सहसा नाही. बाकीचे वाजवतील तेव्हा आपण वाजवाव्यात. कोट-टाय लागत नाही, स्वच्छ साधे कपडे पुरेत. फोन बंद ठेवावा. जो कार्यक्रम असेल तो आधी मोबाईलवर दोन वेळा ऐकून जावे, म्हणजे गर्दीत ओळखीची माणसे भेटावीत तशा धुनी भेटतात. सुरुवातीला बेथोव्हेनची पाचवी किंवा द्वोर्झाकची नववी निवडावी. ती अर्ध्या ते पाऊण तासात संपते. सगळे एकदम समजून घेण्याची घाई नको. एक वाद्य निवडावे आणि त्याचा माग काढावा. डोळा लागला तरी लाज वाटून घेऊ नये. आजूबाजूला जन्मभर येणारे लोकही डुलक्या घेत असतात.

एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला सप्टेंबरच्या अखेरीस जाणाऱ्यांना प्रॉम्स लगेच मिळणार नाही, तो पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये, प्रबंध लिहिण्याच्या दिवसांत येईल. मधल्या काळात लंडनच्या इतर सभागृहांत विद्यार्थ्यांसाठी सवलतीची तिकिटे असतात, चौकशी करावी. व्हिएन्नातही उभी जागा आहे. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये अठराव्या वर्षी तिथे शिकायला गेले. मोठे कंडक्टर तालीम कशी घेतात हे पाहायला मिळावे म्हणून ते आणि त्यांचा मित्र क्लॉदिओ आबादो तिथल्या समूहगानात गाऊ लागले. दोघेही पुढे जगविख्यात कंडक्टर झाले. बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात श्रोते वाद्यवृंदाच्या चारही बाजूंना बसतात. वादकांच्या मागे बसले की कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो. आणि परदेशी न जाणाऱ्यांनी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएकडे पाहावे. तिथे २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वर्षात साधारण दोन हंगाम वाजवतो. दारावर जाऊन विद्यार्थ्यांना काय सवलत आहे हे विचारण्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी त्या ‘नव्या जगातून’ सिम्फनीतली एक गोष्ट. चाळीस मिनिटांच्या या रचनेत झांज फक्त एकदा वाजते, चौथ्या भागात, आणि तीही मोठ्याने नाही. तो वादक बाकीचा सगळा वेळ मोजत बसलेला असतो. लक्ष देऊन ऐकले नाही तर तो ठोका निसटतो. पण तो ठोका लेखी आहे, त्याची जागा ठरलेली आहे आणि तो वाजल्याशिवाय सिम्फनी पुरी होत नाही. शंभरात प्रत्येकाची अशी जागा असते. तिथे कोणी फुकाचा मोठा नाही आणि कोणी नकोसा नाही.

म्हणून परदेशी निघालेल्या मुला-मुलींच्या बॅगेत लोणचे, चटणी, बाबासाहेबांचा फोटो भरताना आई-वडिलांनी एवढेही सांगून पाठवावे: बाळ, अभ्यास नीट कर, वेळेवर जेव, आणि महिन्यातून एकदा तिथला मोठा वाद्यवृंद ऐकून ये. काय ऐकलेस ते फोनवर आम्हालाही सांग. समजले नाही तरी सांग. आणि मुलांनो, दाराशी कोणी नुसत्या नजरेने ‘तू इथे कशाला?’ असे विचारले, तर खिशातले तिकीट दाखवा आणि आत जा.

जय भीम!